पर्वरीचं थेरपी सेंटर: माझी अँक्झायटी, भाईचं डिप्रेशन आणि तिथे नेमकं काय करतात

पर्वरीत हायवेपासून थोडं आत, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर हे सेंटर आहे. मी तिथे पॅनिक अटॅकसाठी गेले आणि नंतर माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला भाई म्हणतो, तो डिप्रेशनसाठी. नाव लिहीत नाही, कारण गोव्यात कोण कोणाकडे जातं हे दुसऱ्या दिवशी बाजारात कळतं आणि भाईने लिहायला हो म्हटलं ते याच अटीवर. पण नावापेक्षा तिथे काय करतात ते जास्त महत्त्वाचं, ते कळलं की म्हापशात, मडगावात, फोंड्यात कुठेही गेलात तरी तेच मागता येतं. पाचपैकी साडेचार स्टार देते, अर्धा का कापला तेही लिहिते.

याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जात होते. तिथल्या बाई प्रेमळ, तासभर माझं सगळं ऐकायच्या, बाहेर पडले की हलकं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मांडवी पूल आला की छातीत परत तीच धडधड. कित्येक महिने असंच चाललं. कशावर काम चाललंय, किती दिवस लागतील, फरक पडतोय का नाही हे कोण बघतंय, यातलं काहीच ठरलेलं नसायचं. एकदा त्यांनी खड्याची अंगठी सुचवली तेव्हा मी जाणं बंद केलं. आपलं ऐकून घेणारं माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही, पण पॅनिकला तेवढ्यावर भागत नाही.

पर्वरीच्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन भिंतीवरच लावलंय (हे बघत चला, कारण कौन्सिलर म्हणून बोर्ड कोणीही लावतं). पहिल्या दिवशी त्यांनी दोन फॉर्म दिले. एक जीएडी-७, त्यात अँक्झायटीचे ७ प्रश्न, दुसरा पीएचक्यू-९, त्यात डिप्रेशनचे ९. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं एवढंच विचारतात आणि प्रत्येक उत्तराला ० ते ३ मार्क. जीएडी २१ पैकी असतो, १० किंवा वर गेला की नीट बघायला हवं आणि १५ किंवा वर म्हणजे जोरात. माझा १६ आला. हे फॉर्म जगभर वापरतात, भरायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण त्यानंतर दर काही सेशननी तोच फॉर्म परत भरायचा आणि आकडा खाली येतोय का ते दोघांनी मिळून बघायचं, आणि नसेल येत तर मॅडम स्वतःच म्हणायच्या की पद्धत बदलूया. आपलं दुखणं कोणीतरी मोजतंय याचा मला केवढा आधार वाटला ते सांगता येणार नाही.

आणि हो, थेरपी सुरू करायच्या आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून आणायला लावलं. थायरॉईड वाढलेला असला तरी धडधड होते. माझं सगळं नॉर्मल निघालं, मगच पुढे.

आता मुख्य गोष्ट. माझ्यावर सीबीटी केली, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. अमेरिकेत ॲरन बेक नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटांवर काम करताना ती उभी केली, आणि पॅनिकसाठी तिचं जे रूप वापरतात त्यामागे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेली कल्पना आहे. कल्पना अशी की शरीरात काहीतरी बारीक होतं, छाती धडधडते, डोकं हलकं होतं, आणि आपण त्याचा अर्थ लावतो की आता हार्ट अटॅक येणार किंवा चक्कर येऊन पडणार. तो अर्थ लावला की भीती वाढते, भीती वाढली की धडधड आणखी वाढते, आणि काही मिनिटांत माणूस पार गळून जातो. मॅडमनी हे चक्र माझ्याच शब्दांत कागदावर काढलं, बाण घालून. तो कागद मी अजून ठेवलाय.

दुसऱ्या का तिसऱ्या सेशनला त्यांनी मला खुर्चीवर बसवून एक मिनिटभर मुद्दाम भराभर आणि खोल श्वास घ्यायला लावला. मी घाबरले होते पण केलं. तीसेक सेकंदांत बोटांच्या टोकांना मुंग्या, ओठ बधीर, डोकं तरंगायला लागलं, हुबेहूब पुलावरच्यासारखं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आतां कशें दिसता?", म्हणजे आता कसं वाटतंय? मी म्हटलं, "हेंच, मॅडम, हेंच जाता थंय!", तिथे हेच होतं. मग त्यांनी समजावलं की जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्यामुळे मुंग्या येतात, चक्करल्यासारखं वाटतं, हृदयाला त्यात काही झालेलं नसतं. आणि दुसरी गोष्ट अशी की पॅनिकमध्ये ब्लड प्रेशर सहसा वर जातं, बेशुद्ध पडायला ते खाली यावं लागतं, म्हणून पॅनिकमध्ये माणूस पडायला आल्यासारखा वाटतो पण सहसा पडत नाही. रक्त किंवा सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी, हेही त्यांनी सांगितलं. हे मला कोणी चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर! मी दोनदा कॅज्युअल्टीत जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकून परत आले.

मग पूल. मी म्हापशाची, ऑफिस पणजीत, म्हणजे मांडवी ओलांडल्याशिवाय सुटका नाही. मांडवीवरच्या नव्या पुलावर, अटल सेतूवर, दुचाकी सोडत नाहीत त्यामुळे स्कूटरवाल्यांना जुन्या पुलांवरूनच जावं लागतं आणि तिथे सकाळचा ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. त्यात आमच्या बाबांनी लहानपणापासून सांगितलेलं की १९८६ मध्ये, जुलैच्या पावसात, मांडवीचा पूल कोसळला होता. तो पूल गेला, त्याच्या जागी नवे बांधले, पण डोक्यात ते बसलेलं होतं. मॅडमनी एक तक्ता दिला. मनात आलेला विचार काय, त्यावर किती टक्के विश्वास, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, आणि सगळं बघून आता किती टक्के. मी लिहिलं "पूल पडेल", आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की मला पुलाची भीती नाहीच, मधोमध चक्कर येईल, गाडीवरून पडेन आणि मागे गाड्या असताना मला कोणी उचलायला येणार नाही, ही भीती आहे. बोलण्यात हे कधी बाहेर आलं नव्हतं.

त्यानंतर एक्सपोजर, म्हणजे भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं. पायऱ्या मी ठरवल्या, मॅडमनी फक्त क्रम लावायला मदत केली. आधी बेतीच्या बाजूला फेरीधक्क्यावर बसून नुसतं पुलाकडे बघायचं. मग फेरीबोटीने पलीकडे. मग कदंबाच्या बसमधून नवऱ्याबरोबर पुलावरून, मग एकटीने, मग स्कूटरवर मागे बसून, मग स्वतः चालवत रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना, आणि शेवटी सोमवारी नऊ वाजता जॅममध्ये. प्रत्येक वेळी निघायच्या आधी वहीत लिहायचं की काय होईल असं वाटतंय, आणि आल्यावर लिहायचं की खरंच काय झालं. भीती शून्य व्हायची वाट बघायची नाही. भीती असतानाच जायचं आणि जे होईल असं वाटत होतं ते झालं का एवढंच तपासायचं.

यातला सगळ्यात अवघड भाग मला कोणी आधी सांगितला नव्हता, म्हणून नीट लिहिते. माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली, ग्लुकोज, एका गोळीची स्ट्रिप, आणि पुलावर चढण्याआधी नवऱ्याला फोन लावून कानात इअरफोन, हे सगळं ठरलेलं असायचं. मॅडम म्हणाल्या की हे सगळं घेऊन शंभर वेळा पूल ओलांडला तरी मन म्हणणार, बाटली होती म्हणून वाचलीस. त्यामुळे एकेक काढायला लावलं. फोन सोडणं सर्वात कठीण गेलं. ज्या दिवशी फोन डिकीत बंद ठेवून गेले त्या दिवशी मलिमपर्यंत हातांना घाम होता आणि पणजीत पोचल्यावर मी स्कूटर बाजूला लावून रडले, आनंदाने. शेवटच्या फॉर्मला आकडा ४ होता. अजून कधी कधी पुलावर धडधडतं, पण आता मी त्यासाठी रजा टाकत नाही.

आता भाई. आमचं माहेर डिचोली तालुक्यात, भाईचे दोन ट्रक खाणीवर चालायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर परत बंद. त्या पट्ट्यातल्या किती घरांत काय काय झालं ते तिथल्यांनाच माहीत. ट्रक विकले, हप्ते फेडले, पण भाई हळूहळू बसत गेला. दाढी नाही, पेपर नाही, देवळातलं भजन सोडलं, आणि भाई म्हणजे पखवाजाला त्याच्यासारखा हात आजूबाजूच्या गावात नव्हता. घरचे म्हणायचे आळस भरलाय, कोणी म्हणालं नजर लागली, कौल लावून झाला, सांगितलेलं सगळं करून झालं. देवावर माझी श्रद्धा आहे आणि कौल लावण्याला मी चूक म्हणणार नाही. पण त्याचबरोबर डॉक्टरकडेही न्यायला हवं होतं, आणि त्याला वर्षं गेली.

भाई यायला तयार नव्हता, "हांव पिसो न्हय", मी वेडा नाही, म्हणायचा. त्याला तयार कशाने केलं ते ऐका. मी त्याला सांगितलं की डिप्रेशनवरच्या ज्या उपचाराचं नाव आज जगभर घेतात तो आपल्याच गोव्याच्या प्रायमरी हेल्थ सेंटरांमध्ये तपासलाय. आणि ते खरं आहे. संगाथ ही संस्था १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात सुरू केली. त्यांनी हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम म्हणून एक उपचार बांधला, ६ ते ८ सेशनांचा, आणि तो द्यायला डॉक्टर नव्हते, सायकॉलॉजिस्टही नव्हते, ट्रेनिंग दिलेली इथलीच साधी माणसं होती. गोव्यातल्या १० हेल्थ सेंटरांत जवळजवळ ५०० पेशंटांवर त्याची चाचणी झाली, सगळे बऱ्यापैकी जोरात डिप्रेशन असलेले. अर्ध्यांना नेहमीचा उपचार, अर्ध्यांना त्याच्या जोडीला हा. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारावर ३९ टक्के लोक त्या त्रासातून बाहेर आले होते, याच्या जोडीने ६४ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय. भाईने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आमचे सारके लोक?" म्हटलं हो, आमचे सारके. तो आला.

या उपचाराचा गाभा आहे बिहेविअरल ॲक्टिव्हेशन. ऐकायला इतकं साधं की पहिल्यांदा मला वाटलं यात काय होणार. डिप्रेशनमध्ये माणूस एकेक गोष्ट सोडतो, सोडली की चांगलं वाटायची संधी जाते, ती गेली की आणखी सोडतो. त्यामुळे मूड येईल मग करीन असं थांबायचं नाही, आधी करायचं, ठरलंय म्हणून करायचं, मूड मागून येतो. १९९६ मध्ये अमेरिकेत नील जेकबसन यांनी पूर्ण सीबीटी आणि नुसता हा भाग असे डिप्रेशनवर शेजारी ठेवून बघितले तर नुसता भागही तितकाच उपयोगी ठरला होता.

भाईबरोबर काम केलं ते सेंटरमधल्या एका तरुण कौन्सिलरने, सोशल वर्क शिकलेला मुलगा, मॅडम त्याच्या केसेस दर आठवड्याला बघतात. त्याने पहिला आठवडा काहीच बदलायला सांगितलं नाही, फक्त वहीत तासातासाला काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं, ० ते १० मध्ये. मी ती वही बघितली, भाईने परवानगी दिली म्हणून लिहिते. "७ चहा, ३. ८ पडून, १. ९ पडून, १. १० पडून, ०. ११ नातू आला, ४." पान भरून असंच. त्या ४ वर त्या मुलाने पेनाने गोल केला आणि म्हणाला, भाई, हो आकडो पळयात, हा आकडा बघा.

मग पुढच्या आठवड्यात एकच काम, सकाळी चहानंतर कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जाऊन पाटाचं पाणी वळवायचं, दहा मिनिटं, बस. जायच्या आधी भाईने लिहिलं बरं वाटेल ०, आल्यावर लिहिलं २. दोन! आमच्या वहिनीने तो दोन बघून देवाला दिवा लावला. मग सुपारी वेचणं, मग नातवाला बालवाडीत सोडणं, मग शनिवारी देवळात फक्त मागे बसायचं, वाजवायचं नाही. वहिनीलाही एकदा बोलावून घेतलं आणि सांगितलं की उठा उठा म्हणून मागे लागायचं नाही, ठरलेल्या वेळी त्यांच्याबरोबर तुम्हीही चप्पल घाला. काही आठवडे पार कोरडे गेले, पावसात तर वही आठवडाभर बंदच होती, तेव्हा त्या मुलाने ओरडा केला नाही, काम आणखी लहान करून दिलं. पखवाज हातात घ्यायला बरेच महिने लागले.

गोळ्यांबद्दल पण लिहायला हवं. भाईचा पीएचक्यू-९ पहिल्यांदा २७ पैकी २१ होता, २० किंवा वर म्हणजे गंभीर. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इतका असेल तेव्हा नुसत्या बोलण्यावर सोडायचं नाही, सायकियाट्रिस्टला दाखवा, औषध आणि थेरपी दोन्ही एकदम चालू दे. त्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे आणि कधी जास्त लागतात, तोवर लोक सोडून देतात. बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. झोपेच्या आणि घबराटीच्या लगेच गुण देणाऱ्या ज्या गोळ्या असतात त्यांची मात्र सवय लागते, त्या थोड्या दिवसांपुरत्याच, माझ्या पर्समधली ती स्ट्रिप त्यातलीच होती. खाजगीत परवडत नसेल तर बांबोळीला सरकारी आयपीएचबी आहेच, मानसिक आजारांचंच हॉस्पिटल.

आणि त्या पीएचक्यू-९ फॉर्मचा नववा प्रश्न, जीव नकोसा होण्याबद्दलचा. भाईने तिथे १ लिहिला होता. आम्हाला घरी कोणालाच माहीत नव्हतं. मॅडमनी दार लावून सरळ शब्दांत विचारलं, काही ठरवलंय का, काही जवळ ठेवलंय का. मी बाहेर बसून थरथरत होते की विचारल्याने उलट डोक्यात येईल. नंतर त्यांनी सांगितलं की विचारल्याने असा विचार येत नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला जागा मिळते. त्याच दिवशी एका कागदावर लिहून घेतलं, असं वाटलं तर आधी काय करायचं, कोणाला फोन, कुळागरात फवारायचं औषध कोणाच्या ताब्यात. ते औषध माझ्या भाच्याने त्याच संध्याकाळी दुसरीकडे हलवलं. तुमच्या घरात कोणाबद्दल अशी शंका असेल तर आज विचारा. रात्री-बेरात्री टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, फुकट, चोवीस तास.

आमच्या मावशीला वाटत होतं की हिप्नॉटिझम करून घ्यावं, पणजीत जुन्या सचिवालयाजवळ अबे फारियाचा पुतळा बघून बघून. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला तो माणूस या विषयातला जगातला मोठा पायोनियर, अभिमान आहेच. मॅडमनी मावशीचं पूर्ण ऐकलं आणि सांगितलं की भाईच्या आजाराला ज्याचा पुरावा जास्त भक्कम आहे ते आधी करूया. पुरावा एकट्या सीबीटीलाच आहे असंही नाही. नात्यातल्या भांडणातून किंवा कोणी गेल्याच्या दुःखातून डिप्रेशन आलं असेल तर इंटरपर्सनल थेरपी, परत परत येत असेल तर ८ आठवड्यांचा माइंडफुलनेसवर बांधलेला कोर्स, यांनाही चांगला आधार आहे. तो कोर्स हे सेंटर घेत नाही, दुसरीकडे पाठवतात, आणि नाही म्हणून सांगतात हे मला आवडलं.

कुठेही जाल तर पहिल्याच भेटीत विचारा की कुठल्या पद्धतीने काम करणार, साधारण किती सेशन, घरी काय करायला देणार आणि फरक पडतोय हे कसं बघणार. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही.

आता अर्धा स्टार. घरी करायचे सगळे कागद इंग्रजीत. सेशन कोंकणी-मराठीत एकदम छान चालतं, पण भाईसारख्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तक्ता इंग्रजीत दिला तर तो वहिनीकडे बघतो. त्या मुलाने हाताने मराठीत लिहून दिला म्हणून चाललं, पण ते छापलेलं हवं, मी तसं सांगूनही आले. वेटिंगची जागा अगदी दारापाशी, आतलं बोलणं पुसट ऐकू येतं, निदान एक पंखा मोठा लावा. संध्याकाळी सहानंतर फक्त गुरुवारी वेळ मिळते, नोकरीवाल्यांनी काय करायचं? ट्रॅफिकमुळे हायवेवर अर्धा तास धरूनच निघा आणि पार्किंग मागच्या गल्लीत.

मॅडमचे एका सेशनचे १२०० रुपये, कौन्सिलरचे ६००, जमत नसेल तर आधी बोलायचं, कमी करतात, भाईचे केले. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ प्रमाणे इन्शुरन्सने मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायचा असतो, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही त्यामुळे सगळे खिशातून गेले, तुमची पॉलिसी आधी बघून घ्या. शेवटची सेशनं महिन्या-महिन्याने ठेवतात, त्यात परत घसरण सुरू झाली तर ओळखायचं कसं ते लिहून घेतात. भाईच्या कागदावर पहिली खूण त्याने स्वतः लिहिलीय, दोन दिवस दाढी न करणे, आणि त्यापुढे वहिनीचं नाव, म्हणजे ती विचारणार. त्याची पुढची वेळ चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर आहे. अपॉइंटमेंटला फोन दुपारी दोननंतर करा, सकाळी सेशन चालू असतात म्हणून उचलत नाहीत, रविवारी बंद.